बॅटरीची गाडी, लांबचा रस्ता : वाचकांचे प्रश्न

इलेक्ट्रिक चारचाकीने सोलापूरबाहेर लांब जाणाऱ्यांकडून प्रश्न मागवले होते. पत्रे बरीच आली. एकसारखे प्रश्न एकत्र केले आहेत. उत्तरांतला हिशेब ४० युनिटची बॅटरी, चार माणसे आणि त्यांचे सामान असा धरला आहे. बॅटरीवर ‘किलोवॅट-अवर’ लिहिलेले असते ते वीजबिलातले युनिटच. तुमची बॅटरी ३० किंवा ५० युनिटची असेल तर आकडे त्या प्रमाणात बदलून घ्या.

प्रश्न : कंपनीच्या कागदावर गाडीचा पल्ला ४५० किलोमीटर आहे. सोलापुरातून निघताना स्क्रीनवर ३२० दिसत होते. पुणे अडीचशे, म्हणून कुठेही न थांबता निघालो. भिगवणला आकडा ७० वर आला आणि घरच्यांचा धीर सुटला. गाडीत दोष आहे का? (वाचक, जुळे सोलापूर)

दोष नाही. स्क्रीनवरचा पल्ला म्हणजे गाडीने तुमच्या आधीच्या चालवण्यावरून बांधलेला अंदाज. आसरा चौक, सात रस्ता, नवी पेठ अशी ३०-४० च्या वेगाने फिरलेली गाडी एका युनिटमध्ये आठ किलोमीटर जाते. ४० गुणिले ८, झाले ३२०. हायवेवर तुम्ही ११० ने गेला असाल तर एका युनिटला सव्वापाच किलोमीटरच मिळतात. भिगवणपर्यंतच्या सुमारे १४५ किलोमीटरना साडेसत्तावीस युनिट गेले, साडेबारा उरले, त्यात ६५-७० किलोमीटरच बसतात. निघताना गाडीला तुमचा हायवेवरचा पाय ठाऊक नव्हता, एवढेच.

कागदावरचे ४५० तर विसरूनच जा. ती चाचणी प्रयोगशाळेतल्या रोलरवर होते, सरासरी वेग तासाला तीसेक किलोमीटर, एसी बंद. हायवेवर त्याच्या साठ टक्क्यांच्या आसपास धरावे.

लांबच्या प्रवासात किलोमीटरचा आकडा बघायची सवय सोडा आणि युनिट मोजा. या आकाराच्या गाडीला सपाट रस्त्यावर एका युनिटमध्ये ८० च्या वेगाने साधारण सात, ९० ने साडेसहा, १०० ने पावणेसहा आणि ११० ने सव्वापाच किलोमीटर मिळतात. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो. ८० वरून ११० वर गेलात की तो जवळजवळ दुप्पट होतो. जून ते ऑगस्टमध्ये वारा पश्चिमेकडून येतो, म्हणजे पुण्याला जाताना थेट अंगावर. समोरून वीसच्या वेगाचा वारा असेल तर ९० ने चाललेल्या गाडीला हवा ११० ची लागते. परतीच्या वाटेवर तोच वारा पाठीशी असतो, म्हणून पावसाळ्यात जाताना आणि येताना लागणारे युनिट कधीच जुळत नाहीत.

जुना पुणे नाका सोडला की ट्रिप मीटर शून्य करा आणि मोहोळला सरासरी बघा. बहुतेक गाड्या ती ‘वॅट-अवर प्रति किलोमीटर’ अशी दाखवतात. हजारला त्या आकड्याने भागले की एका युनिटचे किलोमीटर मिळतात. १५० दिसले तर साडेसहाच्या वर, १९० दिसले तर सव्वापाच. मोहोळलाच १९० दिसत असतील तर तिथूनच वेग उतरवा. जितका उशीर कराल तितके कमी वाचते.

आता थांब्याचे. शंभर टक्क्यांवरून निघून पंधरा टक्क्यांपर्यंत वापरायचे ठरवले तर हाताशी ३४ युनिट. ९० च्या वेगाने त्यात २२० किलोमीटर होतात. पुण्याला एक थांबा हवाच. तो टेंभुर्णी ते इंदापूर या टप्प्यात घ्या, पाटसच्या पुढे नको. इंदापूरला ११० किलोमीटर झालेले असतात, १७ युनिट गेलेले, २३ शिल्लक. पुढच्या १४० किलोमीटरना साडेएकवीस आणि हाताशी राखायचे सहा, म्हणजे साडेसत्तावीस हवेत. तूट साडेचार-पाच युनिटची. ३० किलोवॅटच्या, म्हणजे तासाला ३० युनिट देणाऱ्या, चार्जरवर दहा-बारा मिनिटांचे काम. गाडीतली मंडळी चहा पिऊन येईपर्यंत होते. आणि इंदापूरचा चार्जर बंद निघाला तरी २३ युनिटांवर भिगवण आरामात गाठता येते. पाटसपर्यंत ताणलेत आणि तिथला बंद असला तर पुढे जायलाही भीती आणि मागे फिरायलाही.

प्रश्न : दिवाळीच्या सुट्टीत हैदराबादला जायचे आहे. नेमके कोणते ॲप घ्यावे? चार्जरपाशी गेल्यावर तो चालतच नाही अशा तक्रारी फार ऐकतो. तिथे काय करायचे ते सविस्तर सांगा. (शिक्षिका, होटगी रोड)

एका ॲपवर भागत नाही. टाटा पॉवर ईझी चार्ज, स्टॅटिक, जिओ-बीपी पल्स, चार्जझोन यांपैकी तुमच्या रस्त्यावर ज्यांचे चार्जर दिसतात अशी दोन-तीन घ्या. त्यांत घरूनच तीनशे-पाचशे रुपये भरून ठेवा, कारण रेंज नसलेल्या धाब्यावर पैसे भरताना ओटीपी येत नाही. कंपनी कार्ड देत असेल तर तेही मागवून घ्या; ते टेकवले की मोबाईलशिवाय चार्जर सुरू होतो. शिवाय प्लगशेअर ठेवा, तिथे लोकांचे शेरे वाचायला मिळतात. ॲपमधला हिरवा ठिपका म्हणजे चार्जर कंपनीच्या सर्व्हरशी जोडलेला आहे, इतकेच. तो वीज देतोच असे नाही. शेवटचे चार्जिंग तिथे कधी झाले ते बघा. काल-परवाचे असेल तर चांगले, महिन्यापूर्वीचे असेल तर तो चार्जर यादीतून काढा. आदल्या संध्याकाळी त्या हॉटेलला फोन करून ‘आज कुणी गाडी लावली होती का’ एवढे विचारले तरी पुष्कळ कळते.

हैदराबाद ३१० किलोमीटरच्या आसपास. साडेसहाने भागले की ४८ युनिट, राखीव सहा धरून ५४. चाळीस भरून निघालात तर वाटेत १४ हवेत. एकच चाळीस मिनिटांचा थांबा घेण्यापेक्षा वीस-वीस मिनिटांचे दोन घ्या: पहिला उमरगा-हुमनाबाद पट्ट्यात, दुसरा जहीराबादच्या आसपास. थांबा निवडताना ६० किलोवॅट किंवा जास्तीचा चार्जर, दोन गन (गाडीत खुपसायचे केबलचे टोक) आणि पुढच्या पंचवीसेक किलोमीटरमध्ये दुसऱ्या कंपनीचा चार्जर, इतके पाहा. दोन्ही चार्जर एकाच हॉटेलच्या आवारात असतील तर ती जोडी धरू नका. वीज गेली की दोन्ही एकदमच बसतात. हॉटेलचा जनरेटर दिवे-पंखे ओढतो, ६० किलोवॅटचा चार्जर नाही.

चार्जरपाशी पोचल्यावर आधी गन बघा. आजच्या गाड्यांना सीसीएस-२ लागते: वर गोल भाग आणि खाली दोन जाड पिना. काही जुन्या ठिकाणी १५ किलोवॅटचे ‘भारत डीसी’ चार्जर अजून उभे आहेत, त्यांची गन तुमच्या गाडीत बसणार नाही. गाडी पार्किंग गिअरमध्ये, बंद. गन ‘खट्’ वाजेपर्यंत आत दाबा, मगच क्यूआर कोड स्कॅन करा. उलट क्रम केला तर बरेच चार्जर मिनिटभर गनची वाट बघतात आणि व्यवहार रद्द करतात.

यानंतरच्या मिनिटात बहुतेक बिघाड होतात. गाडी आणि चार्जर आधी एकमेकांशी बोलतात, मग चार्जर इन्सुलेशन (वीज कुठे गळत नाही ना, हे) तपासतो, आणि मगच वीज सोडतो. जाड केबलच्या वजनाने गन खाली झुकते, संपर्काच्या बारीक पिना नीट टेकत नाहीत आणि पडद्यावर ‘कम्युनिकेशन एरर’ येतो. उपाय साधा आहे: वीज सुरू होईपर्यंत गन खालून हाताने उचलून धरा. चार्जर बदलायची वेळ येण्याआधी एवढे करून बघाच. तरी नाही झाले तर गन काढून गाडी लॉक करा, दोन-तीन मिनिटे थांबा, पुन्हा उघडा आणि दुसऱ्या गनवर प्रयत्न करा.

चार्जरचा पडदा सुरू आहे पण लाल खूण दाखवतोय, तर अंगावरचे लाल गोल बटण बघा. हे तातडीने बंद करण्याचे बटण असते. कुणी पोरगा खेळताना दाबून जातो आणि ते आतच अडकून राहते. केबल, गन कुठे जळलेली-तुटलेली नाही ना, हे पाहून बटण बाणाच्या दिशेने फिरवा. ते वर उसळते आणि एक-दोन मिनिटांत चार्जर पुन्हा सुरू होतो. जळका वास येत असेल तर मात्र हात लावू नका. पावसात ‘इन्सुलेशन फॉल्ट’ आला तर गनच्या तोंडात पाणी गेलेले असते. गन उलटी करून झटका, बाहेरून कोरड्या फडक्याने पुसा. आत काहीही खुपसायचे नाही. रेंजच्या अडचणीत चार्जरवरच्या हेल्पलाइनला फोन करा. बऱ्याच कंपन्या दूरवरून चार्जर सुरू करून देतात.

सुरू झाले की लगेच जेवायला पळू नका. दोन-तीन मिनिटे पडद्यावरचा किलोवॅटचा आकडा बघा. ६० चा चार्जर ३० च देतोय आणि शेजारी दुसरी गाडी लागली आहे, तर वाटणी झालेली आहे. ती गाडी गेली की आकडा वाढतो. मात्र तुमची गाडीच जास्तीत जास्त ३० घेणारी असेल तर १२० च्या चार्जरवर जाऊनही उपयोग नाही.

चार्जिंग संपल्यावर गन निघत नसेल तर ओढाताण करू नका. आधी ॲपमधून किंवा पडद्यावर चार्जिंग थांबवा, मग गाडीचे दरवाजे अनलॉक करा. तरीही अडकली तर बऱ्याच गाड्यांत डिकीच्या बाजूच्या झाकणामागे किंवा बॉनेटखाली ओढायची दोरी असते. ती नेमकी कुठे आहे, हे मॅन्युअलमध्ये घरी असतानाच बघून ठेवा.

ऐंशी टक्क्यांना गन काढा. २० ते ८० ला पन्नास मिनिटे लागली असतील तर वरच्या वीस टक्क्यांना आणखी पस्तीस-चाळीस लागतात, कारण भरत आलेल्या बॅटरीत वीज हळूहळूच सोडावी लागते. दिवाळीच्या आठवड्यात मागे रांग असते, तिथे शंभर टक्क्यांचा हट्ट म्हणजे दुसऱ्याचा खोळंबा. पहाटे पाचला निघालात तर ही रांगच लागत नाही.

प्रश्न : गाव मंगळवेढा तालुक्यात. तिथल्या घरी गाडीसोबत आलेला चार्जर लावला की लाल दिवा लागतो. मेव्हणे म्हणतात, शेतातल्या पंपाच्या मोटारीच्या लाइनवर लाव, तिथे दाब चांगला असतो. लावावे का? (वाचक, विजापूर रोड)

मोटारीच्या लाइनवर लावू नका. शेतीची जोडणी फक्त शेतीसाठी; तिच्यावर गाडी चार्ज करणे हा वीज कायदा २००३ च्या कलम १२६ प्रमाणे अनधिकृत वापर ठरतो आणि दुप्पट दराने आकारणी होते. पण खरी भीती वेगळीच आहे. पंपाच्या स्टार्टरपर्यंत बहुधा तीन फेज येतात, न्यूट्रल नसतोच. कुणी दोन फेजमध्ये सॉकेट जोडून दिला तर २३० ऐवजी ४०० व्होल्ट मिळतात आणि चार्जर जागेवर जळतो. मेव्हण्यांचा ‘चांगला दाब’ तो हाच.

घरातल्या लाल दिव्याचे कारण बहुतेक वेळा अर्थिंग असते. वायरमनला मल्टिमीटर घेऊन बोलवा आणि तीन मापे घ्यायला सांगा. फेज ते न्यूट्रल २३० च्या आसपास, फेज ते अर्थ जवळजवळ तेवढेच, आणि न्यूट्रल ते अर्थ शून्य ते पाच व्होल्ट. फेज ते अर्थ मध्ये काटा डळमळत असेल किंवा शून्याकडे जात असेल तर अर्थिंग नुसते नावाला आहे. सॉकेटची अर्थची मोठी पिन वर ठेवून समोरून पाहिले की फेज उजवीकडे हवा. तो डावीकडे असला तर काही चार्जर तेवढ्यावरूनही अडून बसतात. वायरी अदलाबदल केल्या की भागते.

एक जुगाड सर्रास सुचवला जातो: सॉकेटच्या आत न्यूट्रल आणि अर्थ एका तारेने जोडून टाकायचे. लाल दिवा जातो खरा. पण पुढे कधी खांबावर न्यूट्रल तुटला तर गाडीच्या पत्र्यात वीज उतरते, आणि ओल्या अंगणात गाडीला हात लावणाऱ्याच्या जिवावर बेतते. वायरमनने असे सुचवले तर दुसरा वायरमन शोधा.

अर्थिंगचा खड्डा असेल तर तो मे महिन्यात कोरडा पडलेला असतो. आपल्याकडची काळी माती तडकली की सळई आणि माती यांत फट पडते. दोन बादल्या पाणी ओतून तासाभराने पुन्हा मापे घ्या, अनेकदा तेवढ्यानेच दिवा हिरवा होतो. कायमचे करायचे असेल तर अडीच-तीन मीटरचा नवा अर्थ रॉड, मीटरपासून ४ चौरस मिलिमीटरची तांब्याची स्वतंत्र वायर, २० अँपिअरचा एमसीबी, ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच) आणि चांगल्या कंपनीचा १६ अँपिअरचा सॉकेट. एक्स्टेन्शन बोर्ड वापरू नका. तो मिक्सरसाठी ठीक, आठ-दहा तास सलग १५ अँपिअर ओढले की त्याच्या पट्ट्या तापून प्लास्टिक वितळते. चार्जरची केबल गुंडाळीत ठेवू नका, पूर्ण मोकळी करा. अर्ध्या तासाने प्लगला हात लावून पाहा: कोमट चालेल, हात ठेववत नसेल तर बंद करा.

वीजबिलावर ‘मंजूर भार’ किती आहे तेही बघा. तो एक किलोवॅट असेल तर आधी वाढवून घ्यावा लागेल. गावात संध्याकाळी सातच्या सुमारास दाब १८०-१९० व्होल्टपर्यंत पडतो आणि चार्जर मध्येच थांबतो. अकरानंतर लावा, आणि गाडीत किंवा चार्जरवर सोय असेल तर १० अँपिअरवर ठेवा. तासाला बॅटरीत जेमतेम दोन युनिट जातील. रात्री अकरा ते सकाळी सात म्हणजे १६ युनिट, सोलापूरला परतायला तेवढे पुष्कळ झाले.

प्रश्न : मे महिन्यात सोलापुरात पारा ४३ वर जातो. अशा उन्हात बॅटरी पेट घेईल का? एसी किती खातो? (वाचक, अक्कलकोट रोड)

नुसत्या उन्हाने बॅटरी पेटत नाही. तिला मानवणारे तापमान १५ ते ३५ अंशांचे, आणि बहुतेक नव्या गाड्यांत ती द्रवाने थंड ठेवली जाते. उन्हात डीसी, म्हणजे फास्ट, चार्जिंग करताना पुढचा पंखा जोरात घोंघावतो तो याचसाठी, घाबरू नका. धोका असतो तो खालून मार बसलेल्या बॅटरीला. मोठा दगड किंवा तुटका दुभाजक तळाला लागला असेल तर गाडी वर घेऊन तळ तपासल्याशिवाय फास्ट चार्जिंग करू नका.

उन्हाचा खरा तोटा वेळेचा. ११० ने दोन तास हाकून तापलेली बॅटरी चार्जरवर ५० ऐवजी ३० किंवा त्याहून कमी घेते. थांब्याच्या आधीचे दहा-पंधरा किलोमीटर ८० वर या, शेड असलेला चार्जर निवडा, आणि आत बसायचेच असेल तर एसी २६ वर ठेवा. बऱ्याच गाड्यांत माणसांना आणि बॅटरीला थंड करणारा कॉम्प्रेसर एकच असतो.

एसी सुरुवातीची दहा मिनिटे तीन किलोवॅटपर्यंत ओढतो, मग एक ते दीडवर स्थिरावतो. तीन-साडेतीन तासांच्या पुणे प्रवासात चार-पाच युनिट, म्हणजे पंचवीस-तीस किलोमीटर. निघण्याआधी घरच्या चार्जरवर असतानाच गाडी गार करून घेतली तर सुरुवातीचा भार घरच्या विजेवर जातो. काचा उघड्या ठेवून एसी वाचवायचा प्रयत्न हायवेवर फसतो, हवेचा विरोध वाढून तेवढेच युनिट जातात.

गाडी शंभर टक्के भरून चार दिवस उन्हात उभी करू नका. निघण्याच्या तास-दोन तास आधी शंभर होईल असे टायमर लावा. बॅटरी एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) प्रकारची असेल तर कंपनीने सांगितलेल्या अंतराने एकदा पूर्ण भरावीच लागते, नाहीतर टक्क्यांचा आकडा चुकायला लागतो. दुसऱ्या प्रकारची असेल तर रोजच्याला ऐंशी पुरे.

प्रश्न : महाबळेश्वरला पंढरपूर, फलटण, वाई असे जाणार आहोत. घाटात बॅटरी किती जाते? (वाचक, सम्राट चौक)

१०० मीटर चढाला माणसांसह दोन टनांच्या गाडीचे अर्ध्या युनिटपेक्षा थोडे जास्त जाते. वाई ते पाचगणी, पसरणी घाटात, बारा-तेरा किलोमीटरमध्ये सहाशे मीटरच्या आसपास चढ आहे. तेवढ्यासाठी सव्वातीन युनिट आणि रस्त्याचे दोन, असे पाच धरा. सपाटीवर याच पाच युनिटांत तुम्ही बत्तीस किलोमीटर गेला असता, म्हणून घाटात स्क्रीनवरचा पल्ला डोळ्यांदेखत कोसळतो. पठारावर पोचलात की तो सावरतो. सोलापूर ते महाबळेश्वर अडीचशेच्या वर अंतर आहे आणि वर जाऊन मुक्काम करायचा आहे, तेव्हा शेवटचे चार्जिंग वाईत किंवा त्याआधी करून किमान ४० टक्के घेऊनच घाट चढा. हॉटेलचे बुकिंग करताना ‘चार्जिंग आहे का’ एवढेच विचारू नका. १५ अँपिअरचा पॉइंट पार्किंगमध्ये आहे का, गाडीपासून किती फुटांवर आहे आणि रात्रभर चालू ठेवतील का, हे विचारा. बऱ्याच ठिकाणी रात्री पार्किंगचा मेन स्विच खाली करतात आणि सकाळी टक्के तेवढेच दिसतात.

उतरताना रीजन, म्हणजे मोटरने गाडी आवरून बॅटरीत वीज परत भरण्याची सोय, सर्वांत जास्त ठेवा. चढाला खर्च झालेल्यातले निम्म्याहून अधिक परत येते. मात्र वरच्या मुक्कामी गाडी शंभर टक्के भरू नका. भरलेल्या बॅटरीत परत येणारी वीज मावत नाही, रीजन जवळजवळ बंद होते आणि सगळा भार ब्रेकवर येतो. ज्यांना ब्रेक न दाबता एका पॅडलवर चालवायची सवय झालेली असते त्यांना हे पहिल्याच वळणावर दचकवते. ८५-९० टक्क्यांवर निघा.

प्रश्न : आषाढीला पंढरपूरच्या रस्त्यावर तीन तास अडकलो तर बॅटरी संपेल का?

नाही. उभ्या गाडीत एसी आणि बाकी सारे मिळून तासाला एक ते दीड युनिट. तीन तासांना साडेचार धरले तरी ११ टक्के. त्या दिवसांत शहरात शिरायचे रस्ते बंद-वळवलेले असतात, तेव्हा पंढरपुरातल्या चार्जरवर भिस्त ठेवू नका. सोलापुरातून भरून निघालात तर जाऊन-येऊन दीडशे किलोमीटर एका चार्जमध्ये होतात.

प्रश्न : टोल माफ आहे ना? (दोन-तीन पत्रे)

राज्याच्या २०२५ च्या धोरणातली माफी अटल सेतू, मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग आणि समृद्धी महामार्गासाठी आहे. सोलापूर-पुणे आणि सोलापूर-हैदराबाद हे राष्ट्रीय महामार्ग आहेत, तिथे टोल भरावाच लागतो.

प्रश्न : बाहेर चार्जिंग करून खरेच काही वाचते का? (व्यापारी, बार्शी)

घरून भरून निघालात तर वाचते, सगळे बाहेरच भरलेत तर थोडेच. अडीचशे किलोमीटरला बॅटरीतले साडेअडतीस युनिट लागतात. घरी चार्ज करताना दहाएक टक्के वाया जातात, म्हणून मीटरवर ४२ पडतात. युनिट १२ रुपयांना पडत असेल तर ५०४ रुपये. बाहेर २२ च्या दराने साडेआठशे ते नऊशे. वीसचे ॲव्हरेज देणाऱ्या डिझेल गाडीला साडेबारा लिटर, ९० चा भाव धरला तर ११२५. ॲपवरचा दर अनेकदा कराशिवायचा असतो, त्यावर १८ टक्के जीएसटी लागतो. आणि चार्जिंग संपल्यावर गाडी तशीच ठेवली तर काही कंपन्या मिनिटाप्रमाणे दंड लावतात.

प्रश्न : रस्त्यात बंद पडली तर टो करून आणता येते का? पंक्चरचे काय? (वाचक, मोहोळ)

दोरीने ओढायची नाही. मोटर चाकांना कायम जोडलेली असते. चाके फिरली की ती वीज तयार करते आणि इलेक्ट्रॉनिक्स जळू शकते. चारही चाके वर घेणारी फ्लॅटबेड गाडीच मागवा. विम्यात किंवा कंपनीच्या रस्ता-मदतीत फ्लॅटबेड आहे का आणि किती किलोमीटरपर्यंत, हे निघण्याआधी वाचा.

बंद पडण्याचे कारण बहुधा मोठी बॅटरी नसतेच. पुढे बॉनेटखाली साधी १२ व्होल्टची बॅटरी असते, ती बसली की मोठ्या बॅटरीत ७० टक्के असूनही पडदा काळाच राहतो. तीन-चार वर्षे जुनी असेल तर लांबच्या प्रवासाआधी तपासून घ्या. जंप केबलने ती जागी होते, पण तुमची १२ व्होल्टची बॅटरी दुसऱ्या गाडीला जंप द्यायला वापरू नका, बऱ्याच कंपन्यांनी मनाई केली आहे.

टायरमधली हवा सकाळी, टायर थंड असताना, दरवाजाच्या चौकटीवरच्या स्टिकरप्रमाणे भरा. दुपारी तापल्यावर तीन-चार पीएसआय जास्त दिसतील, ते काढू नका. अनेक इलेक्ट्रिक गाड्यांत स्टेपनी नसते, नुसता पंप आणि गमाची बाटली असते. खिळ्याच्या भोकाला ती चालते, बाजूच्या भिंतीला चीर गेली असेल तर नाही. पंक्चरवाल्याकडे जॅक लावताना स्वतः उभे राहा. जॅक फक्त दरवाजाखालच्या पट्टीवरच्या खुणेच्या जागी लावायचा. सवयीने तो मधोमध सरकवला तर सगळे वजन बॅटरीच्या पेटीवर येते आणि पेटी चेपते.